बायांचा डोह आणि सारंगाचा परवाना

प्रवासी मोटरबोट चालवण्याचा परवाना मिळवायला त्या काळी काय काय लागायचं, ते मला अजून पाठ आहे. वयाचा दाखला. अंगानं धडधाकट आणि नजरेनं पक्का असल्याचा सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला. पोहता येत असल्याचा दाखला. बोटीवर पुरेसा काळ प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला, तोही त्याच बोटीवर सोबत राबलेल्या माणसाच्या सहीचा. हे सगळं जुळलं की बंदर खात्याच्या सर्व्हेअरसमोर तोंडी परीक्षा, आणि शेवटी त्याला शेजारी बसवून बोट चालवून दाखवायची. पास होणाऱ्याला सरकारी कागदात सारंग म्हणत. शब्द समुद्राकडचा होता. तापीकाठी तो कुणाच्या तोंडात नव्हता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या थोरल्या भावानं हा परवाना काढला. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. अर्ज, दाखले, खात्यांची नावं ही माझी रोजची भाषा, म्हणून कागदांचं काम माझ्याकडे आलं आणि त्यासोबत बाकीचंही पाहायला मिळालं.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या दक्षिण काठावर. समोर शिरपूर तालुका. पूल लांब होता. पलीकडचा बाजार, पलीकडची शेतं, पलीकडची सोयरीक, सगळं नावेवर चालायचं. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, आधी वल्ह्याची नाव चालवत. पुढे घाटाच्या ठेकेदारानं डिझेलचं मशीन बसवलेली मोठी लाकडी बोट आणली आणि आबा तिच्यावर गेले. बोटीत मागे सुकाणूवर आबा आणि मध्ये मशीनवर एक मदतनीस; भाऊ दोघांच्या हाताखाली. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नसे, म्हणून दोघांचं बोलणं हातांनी चाले. तळहात खाली दाबला की हळू. पंजा वर केला की बंद.

मधल्या पात्राच्या थोडं पुढे एक खोल जागा होती. तिला बायांचा डोह म्हणत. फार पूर्वी कापूस वेचून परतणाऱ्या बायांची एक नाव तिथे बुडाली होती. कधी, किती जणी, कुठल्या, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण घाटावरचा एक रिवाज सगळ्यांना माहीत होता. नाव डोहावर आली की नाववाले वल्ही पाण्याबाहेर उचलत, बसलेले लोक बोलणं थांबवत, आणि नाव आपल्याच वेगानं गुपचूप पुढे सरके. खाली बाया बोलत असतात आणि त्यांच्या बोलण्यात आवाज करू नये, असं म्हणत. लहानपणी मी कान देऊन ऐकलं आहे. नावेच्या फळ्यांना पाणी लागल्याचा आवाज यायचा. तो बोलण्यासारखाच असायचा.

मशीनची बोट आली तेव्हा रिवाज मोडला नाही. वल्ही उचलायची नव्हती, म्हणून डोहावर मशीन बंद करायचं ठरलं.

एका भाद्रपदात, बाजाराच्या दिवशी, नदीला ओढ असताना ती बोट डोहावर आडवी झाली आणि उलटली. मी धुळ्याला कॉलेजात होतो. भाऊ मशीनचा एक सुटा भाग आणायला धुळ्यालाच आला होता. आम्ही दोघं गावी पोचलो तेव्हा काठावर माणसं पाण्याकडे पाहत बसली होती. काही लोक पोहून निघाले. काही नंतर मिळाले. काही मिळाले नाहीत. आबा मिळाले नाहीत.

चौकशीत नोंद झाली की चालकानं हलगर्जी केली. गावाचं म्हणणं वेगळ्या शब्दांत होतं, पण रोख आबांवरच होता. त्यांनी त्या दिवशी मशीन बंद केलं नाही, बाजाराच्या घाईत तसंच रेटलं, आणि बायांनी बोट ओढून घेतली. आईसमोर हे कुणी बोलत नसे. तिच्या पाठीमागे बोलत, आणि ते तिला ऐकू येईल इतक्याच अंतरावरून बोलत. तिनं पाण्याला जायची वेळ बदलली. इतर बाया परतल्या की ती जायची.

त्यानंतर काही वर्षं घाटावर पुन्हा वल्ह्याची नाव आली. ती भाऊ चालवायचा. मग ठेकेदारानं दुसरी मशीनबोट घेतली, पण जिल्हा कचेरीनं अट घातली: परवानाधारक सारंगाशिवाय मशीन चालू होणार नाही. ठेकेदार भावाला म्हणाला, "दिवाळीपर्यंत परवाना आण. नाहीतर कोकणातून माणूस आणतो. त्यानं समुद्र पाहिलेला असेल, तापीची त्याला काय भीती."

भाऊ शेती करणारा नव्हता. आमच्याकडे शेती नव्हतीच. घाट गेला असता तर त्याला गाव सोडावं लागलं असतं.

सिव्हिल हॉस्पिटलात त्याला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं आणि ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले. त्यानं वाचले. बाहेर येऊन मला विचारलं, "नदीवर हे आकडे कुठे असतात?" मी सांगितलं, रात्री बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा असतो, तो ओळखता यावा म्हणून. तो म्हणाला, "रात्री आम्ही बोट सोडत नाही." तरी त्यानं डावं-उजवं पाठ केलं. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे सरकायचं. माणूस पाण्यात पडला तर आधी बोटीखालचा पंखा थांबवायचा, मग तरंगतं कडं फेकायचं. आग लागली तर वाळू, डिझेलवर पाणी नाही. तो हे जेवताना म्हणायचा आणि आई भाकरी थापत ऐकायची.

राहिला कामाचा दाखला. भावानं आबांच्या हाताखाली मशीनबोटीवर काम केलं होतं, पण ते सांगू शकणारा एकच माणूस शिल्लक होता, तो म्हणजे आबांचा मशीनवाला. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. अपघातातून ते पोहून निघाले होते आणि महिन्याभरात गाव सोडून गेले होते. दोंडाईच्याला मिरची दळण्याच्या गिरणीत इंजिनावर आहेत, एवढं कळलं होतं.

आम्ही दोघं गेलो. गिरणीत शिरताच ठसका लागला. आत काम करणाऱ्यांनी नाकातोंडाला फडकी बांधली होती आणि सगळ्यांचे डोळे लाल होते. नानांनी भावाला लगेच ओळखलं.

"ये रे भो," ते आमच्या अहिराणीत म्हणाले. "तू परीक्षा देशी? तुन्हा बापनी तं शाळानं तोंड नही पाहं."

"त्यासले कोनी ईचारंच नही, नाना. माले ईचारी राहिनात."

नाना हसले. फडक्याआड खोकले आणि परत हसले. सही करायला त्यांनी हात पुसले, मी दिलेलं पेन झटकून पाहिलं आणि सावकाश अक्षरं काढली. निघताना त्यांनी भावाला विचारलं, "डोहवर बंद करशी ना?"

"करसू," भाऊ म्हणाला.

नानांनी मान हलवली नाही. ते इंजिनाकडे वळले.

सर्व्हेअर भाद्रपदातच आले. मुंबईचे, मूळचे कोकणातले, उन्हानं रापलेले, पायात रबरी बूट. आमच्याकडून पुढे त्यांना उकाई धरणाच्या फुगवट्यातल्या बोटी तपासायला नंदुरबारकडे जायचं होतं. घाटावरच्या कडुलिंबाखाली त्यांनी तोंडी परीक्षा घेतली.

"समोरून दुसरी लाँच आली तर?"

"येत नाही साहेब. एकच आहे."

"आली असं समजा."

"मग मी उजवीकडे. पण ती कुणाची आहे ते विचारीन."

सर्व्हेअर हसले नाहीत, पण त्यांनी पुढचा प्रश्न जरा थांबून विचारला. बाकीची उत्तरं बरोबर आली. मग बोट चालवून दाखवायची होती. पूर्ण भार पाहिजे, पण परीक्षेत माणसं बसवता येत नाहीत. त्यांनी प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरायला सांगितली. पोती बाकांवर ओळीनं उभी ठेवली. तोंडं सुतळीनं बांधलेली. काठावरून पाहिलं की बाजाराला निघालेली माणसं गप्प बसली आहेत असं वाटत होतं. घाटावर जमलेले लोक आधी चेष्टा करत होते, पोत्यांना गावातल्या माणसांची नावं देत होते. बोट सुटली तसे तेही गप्प झाले.

मला सर्व्हेअरांच्या शेजारी जागा मिळाली. मशीनवर आमचा चुलतभाऊ होता. भाऊ मागे सुकाणूवर उभा. पाणी गढूळ होतं आणि ओढ चांगली होती. बोट नीट चालली होती. डोह आला. भावानं पंजा वर केला. चुलतभावानं मशीन बंद केलं.

आधी फक्त शांतता आली. फळ्यांखाली पाणी बोलायला लागलं. मग काठ हळूच बाजूला सरकायला लागला. बोटीचं तोंड प्रवाहाबरोबर फिरत होतं. भाऊ सुकाणूवर भार देऊन रेटत होता आणि बोट ऐकत नव्हती. ती आडवी झाली. पाण्याचा लोंढा एका अंगावर आला, पोत्यांची एक ओळ खालच्या बाजूला घसरली आणि बोट तिकडे कलली.

"चालू करा!" सर्व्हेअर ओरडले. "मशीन चालू करा!"

चुलतभावानं हँडल घातलं, फिरवलं, मशीननं धरलं नाही. परत फिरवलं. मग ते सुरू झालं. पंख्यानं पाणी मागे टाकलं आणि बोट थरथरत सरळ झाली. कुणाला काही झालं नाही.

पलीकडच्या काठाला लागल्यावर सर्व्हेअरांनी विचारलं, "हात का वर केलात?"

भावानं रिवाज सांगितला. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतला.

"वल्ह्याच्या नावेत ठीक आहे," ते म्हणाले. "तिथे मागचा माणूस बांबू टाकून तोंड धरतो. इथे तुमच्या हातात नुसतं सुकाणू. पंखा पाणी ढकलतो तोवरच ते ऐकतं. मशीन बंद केलंत की तुम्ही चालक नाही, प्रवासी. आज पोती होती म्हणून बरं. माणसं असती तर घाबरून एका बाजूला उठली असती." मग त्यांनी कागदावर लिहिलं आणि वर पाहिलं. "परतताना येतो. तेव्हा परत घेतो. पण हे चालणार नाही."

भाऊ त्या दिवशी जेवला नाही. ते नापास झाल्यामुळे नव्हतं. वाचलेल्या लोकांनी अपघाताचं जे सांगितलं होतं ते त्यानं माझ्यासमोर परत मांडलं. बोट डोहावर आडवी झाली. लोक घाबरून एका बाजूला उठले. बोट उलटली. मशीन चालू होतं की बंद, हे त्या गोंधळात कुणालाच नक्की आठवत नव्हतं. "मशीन चालू असतं तर ती आडवी कशी होते?" तो म्हणाला. "आज मी पाहिलं ना, ती कशी आडवी होते ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दोंडाईच्याला गेलो. या वेळी नाना आम्हाला पाहून हसले नाहीत. गिरणीमागे मोकळ्या जागेत लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, तिथे घेऊन गेले.

"नाना, त्या दिनले मशीन चालू व्हतं का बंद?"

"कसाले ईचारस आते?"

"परीक्षामा नापास व्हयनू. डोहवर हात वर करा म्हनीसन."

नानांनी तोंडावरचं फडकं सोडलं. "बंद व्हतं," ते म्हणाले. "तुन्हा बापनी हात वर करा अन मी बंद करं. रोज करत व्हतूत तसं. मंग ती फिरनी. त्यानी माले हात करा, चालू कर, चालू कर. मी हँडल मारं. नही धरं."

"मंग चौकशीमा काब्र नही सांगं?"

"त्यासनी ईचारं, मशीन चालू व्हतं ना? मी म्हनं, हाव. चालू म्हनं ते तुन्हा बापवर गयं. तो तं गयेलच व्हता. बंद म्हनतू ते मन्हा हातवर येतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिथे सगळ्यांच्याच वाहत होतं. "हाऊ आवाज माले झोप येऊ देत नही. मशीनना नही. मशीन बंद पडावर जो व्हतो, तो."

निघताना भावानं नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. मी दाराशी उभा होतो. आबांनी मशीन बंद केलं होतं. त्यांनी रिवाज पाळला होता. गाव बोलत होतं ते खोटं होतं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"त्यासनी हात वर करा व्हता?"

"हाव, माय."

ती उठली, घागर घेतली आणि विहिरीवर गेली. संध्याकाळची वेळ, सगळ्या बाया तिथे असण्याची. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता तसा होता. तिनं भावाला जवळ बोलावलं.

"मंग तू बी हात वर करत जाय," ती म्हणाली.

"माय, हात वर करा म्हनीसनच नाव गई."

"नाव गई ती गई. त्या बायासनी त्यासले आपलं म्हनीसन लिधं. आते तेबी तठे शेतस. तू मशीन वाजाडत वरथून जाशी तं त्यासले कसं समजी? म्हनतीन, हाऊ मन्हा आंडोर, मन्हा पोऱ्या शे का कोन शे?"

जे सत्य आबांवरचा डाग पुसत होतं, त्याच सत्यानं आईचा हट्ट पक्का केला होता. तिच्या दृष्टीनं आबांनी शेवटपर्यंत बरोबर तेच केलं होतं, आणि मुलानं परवान्यासाठी ते सोडायचं ठरवलं होतं.

सर्व्हेअर परतले तेव्हा नदीची ओढ थोडी कमी होती. पोती तशीच भरली. या वेळी घाटावर जवळजवळ सगळं गाव होतं, आणि विहिरीवरून आईचं बोलणं पसरलं असल्यामुळे सगळ्यांना माहीत होतं की पाहायचं काय आहे. बोट डोहाजवळ आली. चुलतभावाची नजर भावाच्या हाताकडे होती. भावानं सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. मशीन चालू राहिलं. त्याचा आवाज त्या जागी न थांबता चाललेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दोन्ही काठांवरून तो परत येत होता. पाण्याचा दुसरा कुठलाही आवाज त्यात ऐकू आला नाही. मी ऐकायचा प्रयत्न करत होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पलीकडे गेल्यावर सर्व्हेअरांनी शेवटचे प्रश्न विचारले.

"प्रवाशांनी मशीन बंद करा म्हटलं तर?"

"नाही करणार."

"ओरडले तर?"

"ओरडू द्या."

"घरच्या माणसांनी सांगितलं तर?"

भावानं पलीकडच्या घाटाकडे पाहिलं. "घरचे बसत नाहीत साहेब बोटीत," तो म्हणाला.

सर्व्हेअरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा परवाना आला होता आणि बोट सुरू झाली होती. पहिल्या दिवशी लोकांनी भावाला फार छळलं म्हणे. "काय कप्तान, टोपी कोठे शे?" "बठ्ठा कागद सोबत शेतस ना? का पोताच लई चालना?" पण डोह आला की अजूनही बोलणं थांबायचं. मशीन ठणठणत असताना माणसं गप्प बसायची. म्हाताऱ्या पदर पुढे ओढायच्या, काही जण पाण्याकडे हात जोडायचे. कुणी भावाला थांब म्हणालं नाही. त्याच्याकडे पाहतही नसत.

भाऊबीजेला आई पलीकडे निघाली. तिचं माहेर शिरपूर तालुक्यात, मामा वाट पाहत होते. मी म्हणालो, चल, भावाच्या बोटीतून जाऊ. घाटावर एक भोई आपला लहान डोंगा घेऊन मासे धरायला जायचा. ती त्याच्याशी बोलली आणि पिशवी घेऊन डोंग्यात बसली.

मी बोटीत होतो. आमची बोट मागून सुटली आणि पात्राच्या मध्यावर आम्ही डोंग्याला गाठलं. लहान होडी जवळ असेल तर मोठ्या बोटीनं वेग उतरवावा, लाटेनं ती उलटू नये, असा नियम आहे. भावानं तळहात खाली दाबला. चुलतभावानं मशीन अगदी कमीवर आणलं. इतकं कमी की त्याचे ठोके वेगवेगळे ऐकू यायला लागले. भावानं पुन्हा हात दाबला, पण त्याहून कमीवर मशीन जाणार नव्हतं. बोट जेमतेम सुकाणूचं ऐकत होती.

डोंगा डोहावर पोचला. भोयानं वल्हं उचललं. आई आमच्याकडे पाठ करून, डोक्यावर पदर घेऊन, पाण्याकडे पाहत होती. तिनं मान वळवली नाही. वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.

डोंगा पलीकडच्या उथळात जाईपर्यंत भावानं वेग वाढवला नाही. मग त्यानं हात उचलून पुढे केला, आणि मशीनचा आवाज वाढला.